'बहिरं प्रशासन' म्हणताना आपण कोणाला काय म्हणतो?

पावसाळा लागला की मुंबईत दोन गोष्टी हमखास उगवतात. रस्त्यात खड्डे आणि वर्तमानपत्रात 'बहिऱ्या प्रशासनाला जाग कधी येणार?' हा मथळा. खड्डे निदान गणपतीच्या आधी बुजवले जातात, मथळा वर्षभर पुरतो. आझाद मैदानात आंदोलन असलं की फलकावर 'मुक्या-बहिऱ्या सरकारचा निषेध असो' असतं. सोसायटीच्या वार्षिक सभेत गळक्या टाकीचा विषय निघाला की कोणीतरी मागच्या खुर्चीवरून म्हणतंच, "कमिटी बहिरी झालीय." (बहिऱ्याला 'जाग' कशी आणणार, हे मथळा लिहिणाऱ्यालाच विचारायला हवं. बहिरेपणाचा आणि झोपेचा काय संबंध?)

या सगळ्याचा अर्थ आपल्याला न सांगता कळतो: तक्रार केली, दखल घेतली नाही. पण या बोलण्यात दोन गृहीतकं दडलेली आहेत. पहिलं, बहिरा माणूस ऐकायचं टाळतो. दुसरं, पुरेसं ओरडलं की त्याला ऐकू जातं. दोन्ही चुकीची आहेत, आणि ती घराघरांतल्या म्हाताऱ्या माणसांना रोज महागात पडतात. सरकारला मात्र ती फायद्याचीच ठरतात. कशी, ते पाहू.

दोष कानाचा की मनाचा?

न ऐकणाऱ्या माणसासाठी मराठीत वाक्प्रचारांची अजिबात टंचाई नाही. कानाडोळा करणं म्हणजे दिसत-ऐकू येत असून दुर्लक्ष करणं. कानामागे टाकणं म्हणजे ऐकून घेऊन बाजूला सारणं. कचरा उचलला जात नाही म्हणून वॉर्ड ऑफिसात दिलेल्या अर्जाचं बहुधा हेच होतं. या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देणं, हे शाळकरी मुलांचं आणि काही नगरसेवकांचं. कानावर हात ठेवणं याहून पुढचं आहे. "मला काही ठाऊकच नाही" असं म्हणून जबाबदारी झटकणं. पूल पडला, होर्डिंग कोसळलं की दुसऱ्या दिवशी एकेक खातं जे करतं, ते हेच.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकात कान धडधाकट आहे. आवाज पोहोचलेला आहे, अर्थही कळलेला आहे, पुढे काय करायचं तेही माणसाने ठरवलेलं आहे. म्हणून तर त्याला दोष देता येतो. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं आपण म्हणतो त्यातही हाच फरक आहे.

'बहिरं' या शब्दाने हा फरक पुसला जातो. ज्याला ऐकूच आलं नाही त्याच्यावर दुर्लक्षाचा आरोप कसा ठेवणार? एखाद्या खात्याकडे चार अर्ज गेलेत, चारही अर्जांवर आवक क्रमांक पडलाय, त्या खात्याला बहिरं म्हणणं म्हणजे त्याला सूट देणं. या शब्दाने कर्णबधिर माणसांचा अपमान होतो, हा मुद्दा खराच आणि त्याकडे पुढे येऊ. पण माझी आधीची तक्रार अशी की तो शब्द सरकारवर फारच मवाळ आहे.

कानात बिघडतं ते काय?

आवाज म्हणजे हवेतली थरथर. ती कानाच्या पडद्यावर आदळते, पडद्यामागची तीन चिमुकली हाडं ती पुढे ढकलतात आणि ती अंतर्कर्णातल्या गोगलगायीच्या आकाराच्या भागात पोहोचते. याला कॉक्लिया म्हणतात. कॉक्लियात सुमारे 15 हजार केसपेशी असतात. थरथरीचं विजेच्या संदेशात रूपांतर करून तो मेंदूकडे पाठवणं हे त्यांचं काम. माणसाच्या कानातल्या या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

त्यामुळे ढोबळमानाने बहिरेपणा दोन प्रकारचा. मळ साचला, पडद्याला भोक पडलं, कान वाहायला लागला, हाडं आखडली तर आवाज आत जायची वाटच अडते. यातलं बरंचसं औषधाने किंवा शस्त्रक्रियेने दुरुस्त होतं. दुसऱ्या प्रकारात केसपेशी किंवा श्रवणाची नसच खराब झालेली असते. वय, सततचा गोंगाट, काही औषधं, काही आजार, जन्मजात कारणं अशी त्याची यादी मोठी आहे. हे नुकसान सहसा कायमचं असतं.

आवाज मोजायचं माप डेसिबल. इथे एक गंमत लक्षात ठेवावी लागते: डेसिबल साधी बेरीज करत नाही. 10 डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते, 20 वाढले की शंभरपट. समोरासमोरच्या साध्या गप्पा साधारण 60 डेसिबलच्या असतात. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 ही आपल्या नियमांतली मर्यादा. तिच्याबद्दल मुंबईकरांनी काय बोलावं!

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 हेच माप वापरतो. बोलण्याच्या पट्टीतल्या आवाजांसाठी दोन्ही कानांत 70 डेसिबलचा ऱ्हास असेल तर कायद्याच्या भाषेत ती व्यक्ती बधिर, 60 ते 70 असेल तर कमी ऐकू येणारी. 70 चा ऱ्हास म्हणजे निरोगी कानाला जेमतेम जाणवतो त्याहून 70 डेसिबल मोठा आवाज झाला, तरच त्या माणसाला काहीतरी जाणवणार. त्याला समोरचं साधं बोलणं ऐकू येत नाही, पण दार आपटलं तर कदाचित कळतं. आपण ज्याला 'ठार बहिरा' म्हणतो तसा माणूस विरळा. बहुतेकांना काही ना काही ऐकू येतं. काय येतं आणि काय नाही, हाच खरा गुंता आहे.

"त्यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं!"

मराठी घरात हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस मिळणं कठीण. आजोबांना चहाला चार हाका माराव्या लागतात, पण शेजारच्या खोलीत जमिनीच्या व्यवहाराविषयी कोणी बोललं तर लगेच "काय म्हणालास?" म्हणून विचारतात. मुलगा बोलला की कळतं, सून बोलली की "आँ?" मग सून म्हणते, मुद्दाम करतात.

मुद्दाम करत नाहीत. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात, ते टिकतात. स, श, त, थ, फ ही व्यंजनं उंच पट्टीत आणि दबकी असतात, ती निसटतात. म्हणजे कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. सात की साठ, पाच की पास, यात गोंधळ उडतो. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज मुळात उंच पट्टीचा असतो. म्हणून सुनेचं आणि नातवाचं बोलणं निसटण्याची शक्यता अधिक, मुलाचा भरड आवाज बऱ्यापैकी पोहोचतो. त्यात सून बोलते ती बहुधा स्वयंपाकघरातून, कुकरची शिट्टी आणि एक्झॉस्ट फॅनच्या आवाजावरून, पाठमोरी. मुलगा बोलतो तो समोर बसून. जमिनीचा विषय ओळखीचा, गावाचं नाव, भावाचं नाव आधीच डोक्यात असतं, म्हणून निसटलेले शब्द मेंदू भरून काढतो. "आज पास्ता करू का" हे वाक्य ऐंशी वर्षांच्या मेंदूने भरून काढावं, ही अपेक्षा जरा जास्तच.

हे भरून काढणं फुकट होत नाही. दिवसभर प्रत्येक वाक्यातल्या गाळलेल्या जागा भरत बसायचं म्हटलं की माणूस संध्याकाळपर्यंत थकतो. थकला की प्रयत्न सोडतो, नुसती मान हलवतो. लग्नकार्यात कोपऱ्यात जाऊन बसतो. नातेवाईक म्हणतात, हल्ली अण्णा कशात रस घेत नाहीत.

ओठांकडे पाहून कळतं, असाही एक समज आहे. थोडं कळतं, पण थोडंच. पार, बार आणि मार हे तीन शब्द आरशासमोर न उच्चारता नुसत्या ओठांनी म्हणून पाहा. तिन्ही सारखेच दिसतील. उरलेला भाग संदर्भावरूनच ओळखावा लागतो.

म्हणजे सरकारच्या बाबतीत आपण कानाडोळ्याला बहिरेपणा म्हणतो आणि घरात बहिरेपणाला कानाडोळा म्हणतो. दोन्हीकडे उलटं.

मग मोठ्याने बोललं तर?

आवाजाची वाट अडलेली असेल तर मोठ्याने बोलण्याचा उपयोग होतो. केसपेशी खराब असतील तर फारसा होत नाही. पुसट आलेली झेरॉक्स मोठी करून काढली तर अक्षरं मोठी होतात, स्पष्ट होत नाहीत. तसंच हे. शिवाय ओरडताना आपण स्वरच ताणतो. व्यंजनं आणखी मागे पडतात, तोंड वेडंवाकडं होतं आणि ओठ वाचता येत होते तेही बिघडतं.

यात आणखी एक पेच आहे. अशा कानांना हळू आवाज ऐकू येत नाही आणि आवाज जरासा वाढवला की तो एकदम सहन होत नाही. मधली जागा आक्रसलेली असते. म्हणून आजी आधी म्हणते, "मोठ्याने बोल गं," आणि लगेच म्हणते, "ओरडतेस कशाला?" तिची दोन्ही वाक्यं खरी असतात.

श्रवणयंत्र, म्हणजे आपण ज्याला कानाची मशीन म्हणतो ते, याच कारणाने चष्म्याइतकं सरळ काम करत नाही. चांगलं यंत्र ज्या पट्टीत ऱ्हास आहे तिथेच आवाज वाढवतं, पण खराब पेशींची कसर पूर्ण भरून काढू शकत नाही. त्यातून मेंदूला अनेक वर्षं न ऐकलेले आवाज पुन्हा ओळखायला शिकावं लागतं. पहिल्याच आठवड्यात "पंख्याचाच आवाज येतो" म्हणून यंत्र कपाटात जातं. त्या आठवड्यात घरच्यांनी धीर धरला तर बरंच काही वाचतं. यंत्र तपासणीनुसार जुळवून घ्यावं लागतं. दुकानातून सरसकट आणलेलं कोणाच्याही कानाला कसं चालेल?

भगतसिंग काय म्हणाले होते?

इथे आक्षेप येणार, आणि तो वजनदार आहे. 8 एप्रिल 1929 रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बॉम्ब टाकले. सोबत उधळलेल्या पत्रकाची सुरुवातच अशा आशयाची होती की बहिऱ्यांना ऐकू जाण्यासाठी आवाज मोठा लागतो. हे उद्गार ऑग्युस्त व्हेयाँ या फ्रेंच अराजकवाद्याचे. त्याने 1893 मध्ये पॅरिसच्या संसदेत बॉम्ब टाकला होता. भगतसिंग आणि दत्त यांनी बॉम्ब मोकळ्या बाकांच्या दिशेने टाकले होते, कोणाला मारायचा हेतू नव्हता, आवाज करायचा होता. मग भगतसिंगांचं वाक्यही चुकीचं ठरवायचं का?

नाही. ते 1929 मधलं वाक्य आहे, फाशीच्या छायेत लिहिलेलं, त्याला आज लाल पेन लावण्यात अर्थ नाही. पण त्या दिवशी सभागृहात काय चाललं होतं ते पाहण्यासारखं आहे. आदल्या वर्षी, 1928 मध्ये, मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिन्यांच्या आसपास संप केला होता. संपांवर निर्बंध आणणारं व्यापार-विवाद विधेयक हा त्याचाच एक परिणाम. ते त्या दिवशी मंजूर झालं होतं आणि दुसऱ्या, सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल निर्णय देणार होते. म्हणजे लालबाग-परळचा आवाज ब्रिटिश सरकारला नीट ऐकू गेला होता. इतका नीट, की तो बंद करायला कायदा आणावा लागला. त्या सरकारचे कान तीक्ष्ण होते.

भगतसिंगांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांना आवाज पोहोचवायचा होता तो देशापर्यंत, आणि तो पोहोचला. आजचा मथळा मात्र ते संदर्भ सोडून नुसता शब्द उचलतो.

"भाषेत एवढं चालतंच की!"

आंधळा विश्वास, लंगडी सबब, बहिरं सरकार. एवढं सोवळं पाळायचं ठरवलं तर बोलायचं कसं, असं कोणी म्हणेल. मलाही प्रत्येक वाक्प्रचारामागे काठी घेऊन धावणारे लोक आवडत नाहीत. आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्या पोरांना कोणी व्याख्यान देऊ नये.

तरी फरक आहे. 'आंधळा विश्वास' म्हणताना न दिसण्याचा दोष आपण आंधळ्या माणसाच्या वृत्तीला देत नाही. 'बहिरं प्रशासन' म्हणताना देतो. बेपर्वाई, मग्रुरी, माणुसकीचा अभाव हे सगळं आपण त्या एका शब्दात कोंबतो आणि तोच शब्द त्या माणसालाही लावतो, जो तुमच्या ओठांकडे डोळे फाडून पाहत एकेक शब्द वेचत असतो.

जुलै 2024 मध्ये एका हिंदी चित्रपटाविरुद्धच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने पडद्यावर दिव्यांग व्यक्ती कशा दाखवाव्यात याविषयी मार्गदर्शक तत्त्वं सांगितली. हिणवणारे शब्द टाळा, त्यांच्याविषयीच्या चुकीच्या समजांना खतपाणी घालू नका, हा त्यांचा रोख. न्यायालयाने विनोदावर बंदी घातली नाही. दिव्यांगांना समजून घेणारा विनोद आणि त्यांना कमी लेखणारा विनोद, यांत फरक केला.

आणि 'बहिरा' शब्दच सोडून सगळीकडे 'दिव्यांग' घातलं की प्रश्न सुटतो, असंही नाही. 'दिव्यांग प्रशासन' असा मथळा उद्या छापून आला तर तो अधिकच भयंकर होईल. अनेक कर्णबधिर माणसांना आपल्याला बहिरं म्हटलेलं चालतं. तो शब्द शिवी म्हणून वापरलेला चालत नाही.

'मुका-बहिरा' ही जोडगोळी कुठून आली?

जन्मतः बहिऱ्या मुलाचा घसा, जीभ, स्वरतंतू सहसा ठीक असतात. बोलणं ऐकूनच शिकलं जातं, ते ऐकू न आल्यामुळे बोली आपोआप येत नाही. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं फार मोलाची. जन्मानंतर काही दिवसांत बाळाच्या कानात एक बारीक आवाज सोडून निरोगी कॉक्लियाकडून परत येणारा क्षीण प्रतिसाद टिपता येतो. काही मिनिटांची ही चाचणी झोपलेल्या बाळावरही होते.

पण बोली येत नाही म्हणजे भाषा येत नाही, असं नव्हे. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे. हातवाऱ्यांनी केलेली मराठी किंवा इंग्रजी ती नाही. तिचं व्याकरण वेगळं: प्रश्नार्थक शब्द सहसा वाक्याच्या शेवटी येतो आणि भुवया, खांदे, चेहरा हे सारं व्याकरणाचाच भाग असतात. टाळ्या वाजवायच्या तर दोन्ही हात वर करून हलवायचे. लक्ष वेधायचं तर खांद्याला हात लावायचा किंवा दिवा चालू-बंद करायचा. या भाषेत बोलताना समोरच्याने नजर फिरवली की संभाषण तुटतं, आणि मुद्दाम नजर फिरवणं हा मोठा उद्धटपणा. ऐकायचं नाकारायची त्यांची तऱ्हा डोळ्यांची आहे, कानांची नाही.

या भाषेशी जगाने केलं ते मात्र अस्सल कानाडोळ्याचं उदाहरण आहे. 1880 मध्ये मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जमलेले जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यांनी ठरवलं की शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करायची आणि मुलांना बोलायलाच शिकवायचं. आपल्याकडची कर्णबधिरांची पहिली शाळा त्याच दशकात मुंबईत, माझगावला सुरू झाली. पुढे कित्येक दशकं जगभरच्या वर्गांत मुलांना हात बांधून, हातावर छड्या मारून बोलायला लावलं गेलं. त्या ठरावाबद्दल त्याच परिषदेच्या पुढच्या पिढीने खेद व्यक्त केला तो 2010 मध्ये, व्हँकुव्हरला. एकशे तीस वर्षं कोण कोणाचं ऐकत नव्हतं? 2023 मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा ती बातमी झाली. अजून ती बातमीच आहे.

मुंबईत रोजचं उदाहरण हवं तर स्टेशनवर उभं राहा. फलाट बदलल्याची सूचना फक्त भोंग्यावर झाली तर इंडिकेटर पाहत उभ्या असलेल्या कर्णबधिर प्रवाशाची गाडी चुकते. त्याने आपल्या बाजूने सगळं लक्ष दिलेलं असतं.

घरात कोणाला कमी ऐकू येत असेल तर

हाक मारून, नाहीतर खांद्याला हात लावून आधी लक्ष वेधावं, मग समोरून, उजेडात, टीव्ही बंद करून, नेहमीच्या आवाजात जरा सावकाश बोलावं. वाक्य कळलं नाही तर तेच वाक्य तीनदा न म्हणता शब्द बदलून सांगावं. आकडे, वेळ, औषधांची नावं लिहून द्यावीत. "जाऊ दे, काही नाही" हे मात्र म्हणू नये. कर्णबधिर माणसांना सर्वांत जास्त लागतं ते हे वाक्य.

तपासणीचं नाव ऑडिओमेट्री. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, वेगवेगळ्या पट्टीतले आवाज देतात, ऐकू आला की बटण दाबायचं. दुखत-खुपत काही नाही. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय श्रवण संस्था 1983 पासून आहे, तिथे ही तपासणी होते. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतल्या कान-नाक-घसा विभागातही होते. जाताना घरातलं एखादं माणूस सोबत असावं. कागदावरचा आलेख डॉक्टर समजावतात तेव्हा नेमकी स, त, थ ची पट्टी घसरलेली दिसते, आणि मग चहाच्या चार हाकांवरून वर्षानुवर्षं चाललेलं भांडण सुनेला आणि आजोबांना एकदमच उलगडतं.